अकरा सेकंदांची शांतता

देशाची अर्थव्यवस्था रोज सकाळी पावणेसात वाजता सुरू होते. त्याआधी कारखान्यांची धुराडी पेटत असतील, बंदरात माल उतरत असेल, दुकानांची शटरं वर जात असतील. पण ती नुसती हालचाल झाली. तिला अर्थव्यवस्थेचं रूप यायचं तर कुणीतरी ती पंधरा मिनिटांत बसवून, मागेपुढे बासरीचा तुकडा जोडून लोकांच्या कानावर घालावी लागते. हे कुणीतरी म्हणजे आपण, आणि आपण एक दिवस उठलो नाही तर बाजाराला स्वतःचा भाव कळणार नाही, अशी साहेबांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्या बायकोची ही समजूत नव्हती. "सात वाजता गाणी लागतात ना, त्याच्या आधीचं ते," अशी ती पाहुण्यांना कार्यक्रमाची ओळख करून देत असे.

रेडिओ केंद्रात त्यांना सगळे पावणेसातसाहेब म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. रोज सकाळचा उद्योग-व्यापाराच्या बातम्यांचा कार्यक्रम ही त्यांची नऊ वर्षांची निर्मिती. बातम्या निवडायच्या, भाव तपासायचे, निवेदिकेला 'तूट' आणि 'घट' यांतला फरक समजावायचा, आणि मग काचेच्या अलीकडे स्टॉपवॉच धरून उभं राहायचं. घरी त्यांचे तीन गजर होते. पहिला चारचा. दुसरा चार पाचचा, पहिला वाजला नाही तर. तिसरा चार दहाचा, दोन्ही वाजूनही आपण उठलो नाही तर. प्रत्यक्षात ते त्याच्याही आधी जागे होऊन, तिन्ही गजर नीट वाजतात की नाही याची काळजी करत पडलेले असत.

रेडिओवर वाईट बातमी चालते. चुकीची बातमीसुद्धा चालते, दुसऱ्या दिवशी दिलगिरी व्यक्त केली की झालं. शांतता मात्र चालत नाही. इंजिनिअरच्या टेबलावर लाल पुठ्ठ्याची एक 'शांतता-नोंदवही' होती. दहा सेकंदांपेक्षा जास्त काही ऐकू आलं नाही की तिच्यात नोंद. एका वर्षात तीन नोंदी झाल्या की कार्यक्रम बंद, आणि निर्मात्याची बदली ध्वनिसंग्रहात. ध्वनिसंग्रह तळघरात होता. पूर्वी तिथे गेलेले एक निर्माते आठ वर्षांनी वर आले ते स्वतःच्या निरोपसमारंभालाच, आणि उजेडाची सवय सुटल्यामुळे भाषणं संपेपर्यंत एकच डोळा उघडा ठेवून बसले होते. तो डोळा पावणेसातसाहेबांच्या स्वप्नात येत असे.

आणि या वर्षात दोन नोंदी होऊन गेल्या होत्या.

दोन्हींना कारण प्राध्यापक. अर्थशास्त्राचे हे निवृत्त प्राध्यापक रोज सहा बावन्नला फोनवरून दोन मिनिटं भाष्य करत. "एका बाजूनं पाहिलं तर," असं ते सुरू करत, मग दुसऱ्या बाजूनं पाहत, आणि वेळ संपे. देशाला त्याची सवय झाली होती. पण पहिल्या नोंदीच्या दिवशी ते दोन बाजूंच्या मध्ये थांबले आणि बारा सेकंद कोणत्याच बाजूला गेले नाहीत. दुसऱ्या नोंदीच्या दिवशी त्यांना तिसरी बाजू सापडली.

केंद्रप्रमुखांनी बोलावून घेतलं. "हे तज्ज्ञ बंद करा. तज्ज्ञ विचार करतात, म्हणून थांबतात. सामान्य माणूस आणा. सामान्य माणूस बोलताना कधी थांबलेला पाहिलाय तुम्ही?"

"नाही साहेब."

"मग? सोमवारपासून रोज एक सामान्य माणूस. साधं काम आहे."

पावणेसातसाहेब खोलीबाहेर आले तेव्हा त्यांना कळलं की सहा बावन्नला सामान्य माणूस झोपलेला असतो. जागा असलाच तर दूध तापवत असतो किंवा पोरांना शाळेसाठी उठवत असतो, आणि अशा माणसाला घटत्या व्याजदराबद्दल विचारणं सुरक्षित नाही. शेवटी त्यांनी आपल्याच इमारतीत शोध घ्यायचं ठरवलं. तिथे निदान कोण किती वाजता उठतं हे पाण्याच्या नळामुळे सगळ्यांना माहीत होतं.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "मला आवडलं असतं, पण मी व्यावसायिक. सामान्य म्हणजे जरा... तुम्ही सेक्रेटरींना विचारा."

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मी पदाधिकारी पडलो. पण असं एकेकाला विचारू नका हो, लोक दुखावतात. रीतसर मीटिंग घेऊ."

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली: 'विषय – इमारतीतील सामान्य माणूस निवडणे.' पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला चार टाळकी येत. या मीटिंगला जवळजवळ सगळी कुटुंबं हजर. आपल्याला कुणी निवडू नये एवढ्यासाठी. जो तो शेजाऱ्याचं नाव सुचवी आणि शेजारी आपल्या पदव्या सांगे. दीड तास इमारतीचा असा काही गौरव झाला की इथे राहायची आपली लायकी आहे का, अशी शंका पावणेसातसाहेबांना आली. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर गैरहजर असल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि त्यांची एकमताने निवड झाली.

"सामान्य?" मॅनेजर दारातच म्हणाले. "माझ्या हाताखाली बत्तीस माणसं होती!"

"होती," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "आता मी एकटी आहे. आणि मी हाताखाली नाही."

मॅनेजरांनी पाऊण तास घेतला. मग 'अनुभवी सामान्य माणूस' अशी ओळख करून द्यायची, या अटीवर ते तयार झाले.

आता फक्त कागदपत्रं राहिली होती. बाहेरच्या माणसाचा आवाज प्रसारित करायचा तर एक फॉर्म भरावा लागे, आणि त्यात 'विषयातील तज्ज्ञता' असा रकाना होता. पावणेसातसाहेबांनी तिथे 'नाही' असं लिहिलं. हिशेब अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तज्ज्ञता नाही, तर बोलावता कशाला?"

"सामान्य माणूस म्हणून."

"म्हणजे सामान्यपणात तज्ज्ञ?"

"तसं म्हणा."

"मी कसं म्हणू? तुम्ही लिहून द्या. आणि सामान्य असल्याचा काही दाखला?"

तीन दिवस फॉर्म तीन मजले फिरला. शेवटी त्या रकान्यात 'नाही, परंतु पुरेशी' असं लिहिल्यावर तो मंजूर झाला. दाखल्याऐवजी सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त जोडलं.

तिकडे मॅनेजरांनी दोन मिनिटांसाठी अकरा पानं लिहून काढली होती. विषय साधाच होता, बचतीवरचं व्याज कमी होतंय त्याबद्दल घरातल्या माणसाला काय वाटतं. मॅनेजरांनी सुरुवात माणूस धान्याच्या बदल्यात भांडी घेत होता तिथून केली होती. पावणेसातसाहेबांनी दोन संध्याकाळी बसून अकराचं एक पान केलं. प्रत्येक वाक्य कापलं की मॅनेजर खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, "कापा. आमची शाखाही अशीच कापली."

इमारतही गप्प बसली नव्हती. डॉक्टरांनी जबडा सैल ठेवून बोलायचा व्यायाम शिकवला. त्यामुळे दोन दिवस मॅनेजरांचं कुणालाच काही कळेना. सेक्रेटरी रोज जिन्यात गाठून सांगत, "टाकीचं तेवढं येऊ द्या त्यात. मुद्दाम नको. ओघात." पावणेसातसाहेबांच्या बायकोने एकदाच मत दिलं. "अहो, त्यांच्या बायकोलाच बसवा की फोनवर. घर तीच चालवते, आणि ती थांबत नाही." ही सूचना साहेबांनी हसण्यावारी नेली. फॉर्म मंजूर झाला होता, त्यात मॅनेजरांचं नाव होतं. माणूस बदलणं सोपं. फॉर्म बदलायला पुन्हा तीन मजले.

तालीम मात्र झकास झाली. पावणेसातसाहेब खालच्या मजल्यावरून फोन करत, "व्याजदराबद्दल सांगा" असं म्हणत, आणि मॅनेजर वरून धडाधडा एक पान वाचत. एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. सलग पाच वेळा.

सोमवार उजाडला. पाच वाजता साहेब केंद्रात. साडेपाचला भाव तपासून झाले. सहाला पुन्हा तपासून झाले. सव्वासहाला त्यांनी मॅनेजरांना फोन करून ते उठलेत का ते विचारलं, साडेसहाला खात्रीने उठलेत का ते विचारलं. पावणेसातला बासरी वाजली आणि देशाची अर्थव्यवस्था सुरू झाली. निर्यातीला थोडी उभारी होती. पोलाद जड होतं. सहा बावन्नला इंजिनिअरने अंगठा वर केला. लाइन चालू.

"आता आपल्यासोबत आहेत एक अनुभवी सामान्य माणूस," निवेदिका म्हणाली. इथे लिहिलेला प्रश्न होता, 'व्याजदराबद्दल सांगा.' पण सामान्य माणसाशी इतकं कोरडं काय बोलायचं, असं तिच्या मनात आलं. आवाजात साखर घालून ती म्हणाली, "काका, तुम्हाला काय वाटतं?"

बत्तीस वर्षं बँकेत आणि अडतीस वर्षं संसारात मॅनेजरांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

एक. दोन. तीन. काचेपलीकडे निवेदिकेने भुवया उंचावल्या. चौथ्या सेकंदाला फोनमधून कुजबुज आली, "बोला की हो." पाच. 'तू बोल, तू काहीही बोल' अशा अर्थाने पावणेसातसाहेबांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले. पण नऊ वर्षं त्या काचेमागे हात हलले की अर्थ एकच होता: थांब, वेळ संपतेय. निवेदिका आज्ञाधारक. तिने ओठ घट्ट मिटले. सहा. सात. साहेबांनी आणखी जोरात हात हलवले. तिने माइकपासून तोंडही मागे घेतलं. आठ. नऊ. दहा. साहेबांच्या डोळ्यांसमोर तळघराचा जिना उतरत उतरत गेला.

"नमस्कार," अकराव्या सेकंदानंतर मॅनेजर म्हणाले, आणि पान वाचू लागले. उत्तम वाचलं. शेवटी ओघात टाकीसुद्धा आली.

सात वाजता गाणी लागली तेव्हा इंजिनिअर लाल वही उघडून बसला होता.

"साडेदहा असतील," पावणेसातसाहेब म्हणाले.

"अकरा, साहेब."

"मध्ये ती कुजबुज आहे. शांतता सलग नाही."

"मी फक्त लिहितो, साहेब. सलग की तुटक ते वरचे ठरवतील." त्याने लिहिलं. अक्षर सुंदर होतं, हे आणखी वाईट.

साहेब नऊ वाजता इमारतीत पोचले. मॅनेजरांची बायको सकाळपासून जिन्यात सगळ्यांना फोनवरची हकिकत सांगत होती. सेक्रेटरी फाटकातच उभे होते. "ऐकलं! टाकीचं छान आलं. मधे जरा ते... पण असू द्या, लोकांना वाटलं असेल मुद्दाम आहे."

"तुमच्याही लक्षात आलं?"

"न यायला काय झालं! माझ्या तर अंगावर काटा आला ऐकताना."

डॉक्टर दवाखान्याच्या दारातून म्हणाले, "जबडा आवळला त्यांचा. माझ्या रेडिओवर स्पष्ट कळलं. मला तर ती थांबलेली वेळ अर्धा मिनिट वाटली." पहिल्या मजल्यावर कुणी सांगितलं की मॅनेजरांचा आवाज रेडिओवर फार कोवळा वाटतो. दुसऱ्यावर कुणी म्हणालं की अशा वेळी निवेदिकेने सावरून घ्यायला हवं होतं, आमच्या घरात सकाळपासून हीच चर्चा चालली आहे. अख्खी इमारत आपला कार्यक्रम ऐकते हे नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं, आणि तेही आजच. पावणेसातसाहेबांना जिन्यातच बसावंसं वाटलं.

स्वयंपाकघरात त्यांची आई ओट्याशी बसली होती. वय ऐंशी, समोर जुना ट्रान्झिस्टर. रोज सकाळी पावणेसातला ती तो लावी. अर्थव्यवस्थेतलं तिला काही कळत नसे, पण शेवटी निवेदिका 'निर्मिती' म्हणून मुलाचं नाव घेई. पगाराच्या कागदाबाहेर ते नाव फक्त तिथेच उच्चारलं जाई.

"आज तुझा कार्यक्रम लागलाच नाही रे," आई म्हणाली. "नुसती खरखर."

त्या सकाळी साहेबांना एवढंच ऐकायचं राहिलं होतं. "आई, अख्ख्या इमारतीने ऐकलाय."

"मला खरखरच आली. सातचं पहिलं गाणं पण गेलं."

"सेल गेले असतील."

"मग आता कसा वाजतोय?" तिने बटण फिरवलं. ट्रान्झिस्टर खणखणीत वाजू लागला.

"म्हणजे आत काहीतरी सैल झालंय. मी दाखवून आणतो."

"अरे, चांगला आहे तो. तुझंच काहीतरी बिघडलं असेल."

हे वाक्य साहेबांना नको त्या जागी लागलं. त्यांनी ट्रान्झिस्टर उचलून सरळ कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाल्याने लावून पाहिला, कानाशी धरला, मान हलवली. "वाजतोय."

"तेच तर. मध्येच जातो."

"अरेरे. जो बिघाड दाखवायला आणल्यावर दिसत नाही, तो सगळ्यात वाईट. उघडावा लागेल."

संध्याकाळी निरोप आला: आत आणखी तीन बिघाड निघालेत, सुटे भाग बाहेरून मागवायचेत.

"मग मी सकाळी काय ऐकू?" आईने विचारलं.

"चारपाच दिवसांचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. त्यानंतर कार्यक्रम उरेल की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

गुरुवारी समिती बसली: केंद्रप्रमुख, हिशेब अधिकारी आणि वही घेऊन इंजिनिअर. समोर पावणेसातसाहेब. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग लावलं गेलं. निवेदिकेचं "काका, तुम्हाला काय वाटतं?" आणि मग शांतता. चार सुशिक्षित माणसं, माना खाली घालून, भक्तिभावाने काहीच ऐकत होती.

"पुन्हा लावा," केंद्रप्रमुख म्हणाले.

पाच वेळा लावली. तिसऱ्या वेळी हिशेब अधिकाऱ्यांचे डोळे मिटले ते विचाराने की कशाने, कळलं नाही.

"चौथ्या सेकंदाला 'बोला की हो' ऐकू येतं," पावणेसातसाहेब घसा साफ करत म्हणाले. "म्हणजे शांतता तिथे तुटते. आधी तीन, नंतर सात. दहाच्या वर कुठेच जात नाही."

इंजिनिअरने मान डोलावली. केंद्रप्रमुखांनीही डोलावली असती, पण हिशेब अधिकारी जागे झाले.

"हा आवाज कुणाचा?"

"मॅनेजरांच्या पत्नीचा."

"यांचा फॉर्म?"

"फॉर्म... नाही."

"मग तो आवाज प्रसारित झाला असं आपल्याला मानताच येणार नाही. मानलं, तर विनापरवाना प्रसारण. ते तळघरापेक्षा गंभीर आहे. बघा, तुम्ही ठरवा."

पावणेसातसाहेबांनी ठरवलं. मॅनेजरीणबाई बोलल्या नाहीत, असं त्यांनी लिहून दिलं.

"मला स्वतःला वाईट वाटतंय," केंद्रप्रमुख म्हणाले. "मी त्या दिवशी घरी चहा घेत ऐकत होतो. कप हातातच राहिला हो. अकरा सेकंद! एका श्रोत्याच्या भूमिकेतून सांगतो, ते विसरणं शक्य नाही."

त्या श्रोत्याने सही केली. महिनाअखेर कार्यक्रम बंद. शुक्रवारी पावणेसातसाहेबांच्या हातात तळघराची किल्ली आली. ते खाली जाऊन बघून आले. एक खुर्ची, एक दिवा आणि छतापर्यंत जुनी रेकॉर्डिंग्ज. दिवा लागायला थोडा वेळ घेत होता. अंदाजे अकरा सेकंद.

इमारतीत बातमी पसरली. मॅनेजर जिना वापरायचे थांबले, म्हणजे साहेब जिन्यात नाहीत याची खात्री करूनच उतरू लागले. डॉक्टर म्हणाले, "आम्ही श्रोत्यांनी सह्यांचं पत्र द्यायला हवं." सेक्रेटरी म्हणाले, "मीटिंग घेऊ." साहेबांच्या बायकोने तिसरा गजर तेवढा कपाटात ठेवून दिला.

पुढच्या बुधवारी केंद्रप्रमुखांनी पुन्हा बोलावलं. टेबलावर एक निळा कागद होता. शहराबाहेरच्या टेकडीवर केंद्राचा प्रसारण-मनोरा होता. तिथल्या कर्मचाऱ्यांचा पंधरवड्याचा तक्ता टपालाने येई आणि रीतसर फाइलला लागे. या वेळी इंजिनिअरने तो फाइलला लावायच्या आधी वाचला होता.

त्यात एक ओळ होती. त्या सोमवारी, वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे, सहा अडतीस ते सात चार प्रसारण बंद.

"म्हणजे..." केंद्रप्रमुख म्हणाले.

"स्टुडिओत आपण ऐकतो ते स्टुडिओतून निघालेलं," इंजिनिअर शांतपणे म्हणाला. "मनोऱ्यावरून त्या वेळी काहीच गेलं नाही, साहेब. कुणाच्याच रेडिओवर. खरखर आली असेल फक्त."

केंद्रप्रमुखांनी कागदाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या आपल्या चहाच्या कपाकडे पाहिलं. पावणेसातसाहेबांची नजर सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. चौदा सेकंद. यांची नोंद कुणी घेतली नाही.

"जो कार्यक्रम गेलाच नाही, त्यात शांतता कशी असेल?" शेवटी केंद्रप्रमुख म्हणाले. "नोंद रद्द. ती सव्वीस मिनिटं मनोऱ्याच्या वहीत जातील, ती वही आपली नव्हे." त्यांनी सही केली, किल्ली परत मागून घेतली, आणि पावणेसातसाहेब दारापर्यंत पोचल्यावर म्हणाले, "मी बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी ऐकलं असेल."

"हो साहेब. खूप जणांनी त्याच दिवशी ऐकलं."

साहेब इमारतीत शिरले तेव्हा सेक्रेटरी फाटकात होते. "आजचा कार्यक्रम मस्त झाला हं," ते म्हणाले. "एक शब्द चुकवला नाही मी." साहेबांनी त्यांचे आभार मानले. मग घरी न जाता ते कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले.

तिन्ही बिघाड दुरुस्त झाले होते. त्यामुळे आता ट्रान्झिस्टर वाजत नव्हता, आणि त्यासाठी लागणारा भाग पुढच्या महिन्यात येणार होता.